बोटीच्या इंजिनाचा डिजिटल मीटर: उद्यमबागेतल्या दुरुस्तीचा रिव्ह्यू

बेळगावच्या उद्यमबागेत मोटर रिवाइंडिंग करणारे आणि सीएनसी मशिनची कार्डं दुरुस्त करणारे छोटे गाळे पुष्कळ आहेत. त्यातल्याच एका बिनपाटीच्या गाळ्यात बोटीच्या इंजिनांचे डिजिटल मीटर उघडून दुरुस्त करतात. माल दोन बाजूंनी येतो. एक कृष्णाकाठाकडून, म्हणजे चिकोडी, रायबाग, कागवाड, अथणी या पट्ट्यातून: पुराच्या वेळी बाहेर काढायच्या फायबरच्या आणि रबरी बोटींच्या ओबीएमचे (बोटीच्या मागे बाहेरून लावायच्या मोटरीचे) मीटर. दुसरा कारवारकडून, बैतखोल बंदरातल्या मच्छीमारी बोटींच्या डिझेल इंजिनांचा. अधूनमधून गणेशगुडीकडच्या पर्यटनाच्या बोटींचाही. हँडल धरून चालवायच्या छोट्या ओबीएमला बहुधा मीटरच नसतो, त्यामुळे हा विषय स्टिअरिंग आणि डॅशबोर्ड असलेल्या बोटींचा.

निकाल आधीच सांगून टाकू. एलसीडी काळवंडली असेल किंवा अर्धे आकडे गायब असतील तर मीटर इथे खुशाल द्या. पाणी शिरलेला मीटर असेल तर सीलिंगबद्दल आधी स्पष्ट बोलून घ्या. आणि मीटर नेटवर्क केबलवर (इंजिनाचा डेटा आणणाऱ्या सामायिक केबलवर) चालणारा, कारखान्यातूनच पूर्ण चिकटवून बंद केलेला असेल, तर तिथपर्यंतचं पेट्रोल वाचवा.

या गाळ्याची सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे मीटर हातात आल्या आल्या स्क्रूड्रायव्हर उचलत नाहीत. 'बोटीवर काय काय तपासलं?' हा पहिला प्रश्न. ऐकायला कटकट वाटते, पण प्रश्न बरोबर आहे. दुरुस्तीला येणाऱ्या मीटरांपैकी बरेच मुळात चांगले असतात. दोष सप्लायमध्ये, अर्थमध्ये (म्हणजे अर्थिंगमध्ये, बॅटरीच्या निगेटिव्हशी असलेल्या जोडात) किंवा सेन्सरमध्ये असतो, आणि डोळ्यांना दिसतो तो फक्त डिस्प्ले, म्हणून शिव्या त्याला. तेव्हा मीटर काढण्याआधी बोटीवर एवढं तरी करून जावं.

पहिला सप्लाय. इंजिन बंद असताना चांगली चार्ज झालेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. हे बॅटरीच्या टर्मिनलवर नाही, मीटरच्या मागच्या सॉकेटमध्ये मोजा. दोन्ही ठिकाणच्या आकड्यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर फ्यूज होल्डर, स्विच आणि मधले जोड बघायचे. सेल्फ मारताना डिस्प्ले क्षणभर विझून परत सुरू होतो, तो बहुतेक वेळा दोष नसतो. सेल्फ मोटर बॅटरी खाली ओढते, मीटरला पुरेसे व्होल्ट मिळत नाहीत आणि तो रीसेट होतो. पण इंजिन सुरू झाल्यावरही विझत असेल तर मात्र शोधायला हवं.

दुसरा अर्थ, आणि इथे नव्वद टक्के लोक चुकीची टेस्ट करतात. मल्टिमीटर ओहमवर लावतात, शून्य आलं की अर्थ चांगला म्हणून मोकळे होतात. वायरीतल्या सगळ्या तारा गंजून एकच तार उरली असली तरी ओहमवर शून्यच दिसणार, कारण त्या टेस्टमध्ये करंट जवळपास वाहतच नाही. बरोबर पद्धत अशी: इंजिन चालू, लाइट, पंप, सगळं चालू. मल्टिमीटर डीसी व्होल्टच्या लहान रेंजवर. एक प्रोब थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरा मीटरच्या काळ्या वायरीवर. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. ०.२च्या वर गेलं तर अर्थचा जोड सोडून, घासून, नवीन लग (वायरीच्या टोकाला दाबायची धातूची पकड) दाबून परत बांधा. लाइट लावला की टेम्परेचर वाढल्यासारखं दाखवणं, पंप चालू केला की इंधनाचा काटा हलणं, ही सगळी लक्षणं अर्थची. असा मीटर उद्यमबागेत टेबलावर लावला की ठणठणीत चालतो.

तिसरा सेन्सर. एका वायरीचा सेन्सर असेल तर अर्थ त्याला इंजिनाच्या बॉडीतून, आट्यांमधून मिळतो. गळू नये म्हणून मिस्त्री आट्यांवर टेफ्लॉन टेप गच्च गुंडाळतो आणि सेन्सरचा अर्थच तुटतो. हा इतका सर्रास होणारा घोटाळा आहे की टेम्परेचर किंवा ऑइल प्रेशर काम झाल्याच्या दिवसापासूनच चुकीचं दाखवत असेल तर आधी टेप काढून बघा.

सेन्सरचे आकडे पाठ असलेले बरे. व्हीडीओ (VDO या जर्मन ब्रँडच्या) पद्धतीचा प्रेशर सेन्सर शून्य दाबाला साधारण १० ओहम आणि पूर्ण दाबाला १८० ते १८४ ओहम दाखवतो. गंमत अशी की ५ बारचा आणि १० बारचा (बार हे दाबाचं माप), दोन्ही सेन्सर याच मापात चालतात. त्यामुळे १० बारच्या मीटरला चुकून ५ बारचा सेन्सर लावला तर २ बार दाब ४ बार दिसतो. मालक खूश, इंजिन मात्र उपाशी. टेम्परेचरचा सेन्सर उलटा चालतो, गरम होईल तसे ओहम कमी. १२० अंशांच्या व्हीडीओ सेन्सरला ४० अंशांवर २९०च्या जवळपास आणि ९० अंशांवर ५०च्या आसपास ओहम यायला हवेत. पातेल्यात पाणी तापवून, थर्मामीटर टाकून मोजता येतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे, म्हणून इथे पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं. उकळतं पाणी म्हणजे १०० अंश असं धरून मीटर ॲडजस्ट करत बसू नका. कारवारात तसं धरलं तर चालेल.

इंधनाच्या टाकीतल्या फ्लोटमध्ये (पातळी मोजणाऱ्या सेन्सरमध्ये) दोन जाती. अमेरिकन पद्धतीचा रिकामा असताना २४० ओहम, भरल्यावर ३३. युरोपियन पद्धतीचा रिकामा १०, भरलेला १८०. दोघांचे मीटर एकमेकांना चालत नाहीत. लावले तर भरलेली टाकी रिकामी दिसते. सोपी टेस्ट: मीटरच्या मागची सेन्सरची वायर काढा. अमेरिकन जातीचा मीटर वायर मोकळी असताना 'रिकामा' दाखवेल, अर्थला टेकवली की 'फुल'. युरोपियन जातीचा बरोबर उलटा. असं झालं तर मीटर चांगला, दोष फ्लोटमध्ये किंवा मधल्या वायरीत. मध्यावरचा आकडा तपासायचा तर अमेरिकनला १०० ओहमचा साधा रेझिस्टर लावून बघा, साधारण अर्ध्यावर यायला हवा. १०, ३३, १००, १८० आणि २४० ओहमचे रेझिस्टर एका डबीत ठेवले की निम्मं टेस्ट बेंच तुमच्याच खिशात.

ही टेकवाटेकवी फक्त जुन्या पद्धतीच्या एक-दोन वायरींच्या सेन्सरवर करायची. तीन वायरींचा, पाच व्होल्टवर चालणारा सेन्सर असेल किंवा नेटवर्कवाला मीटर असेल तर वायर अर्थला लावू नका, इंजिनाचं कंट्रोल युनिट जाईल. नेटवर्कसाठी एकच मोजमाप पुरे: सगळा सप्लाय बंद करून डेटाच्या दोन वायरींमध्ये ओहम बघा. दोन टोकांना १२० ओहमची दोन टर्मिनेटर (केबलच्या टोकाला लावायचे रेझिस्टर) असतात, म्हणून ६० यायला हवेत. १२० आले तर एक टर्मिनेटर सुटलंय, ४० आले तर कोणीतरी तिसरं लावून ठेवलंय.

चौथा आरपीएम, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या. डिझेल इंजिनाला आरपीएमचा सिग्नल बहुधा अल्टरनेटरच्या डब्ल्यू टर्मिनलवरून येतो. अल्टरनेटर चार्जच करत नसेल तर सिग्नलही नाही, आणि मीटर शून्य दाखवतो ते अगदी खरं सांगत असतो! 'टॅको (आरपीएमचा मीटर) मेला' म्हणून मीटर बेळगावला पाठवतात आणि इकडे बॅटरी उतरत असते. आधी चार्जिंगचे व्होल्ट मोजा. ओबीएमला सिग्नल चार्जिंग कॉइलकडून, रेक्टिफायरजवळून (कॉइलची वीज डीसी करणाऱ्या भागाजवळून) येतो. आरपीएम वेड्यासारखा उड्या मारत असेल तर पहिला संशय रेक्टिफायर-रेग्युलेटरवर. मीटरच्या मागे पल्सचा एक छोटा सिलेक्टर असतो, एका फेरीला विजेचे किती ठोके येतात ते ठरवायला. १२ पोलची (ध्रुवांची) कॉइल एका फेरीला ६ पल्स देते. तिथे सिलेक्टर ४ वर असेल तर ३००० च्या जागी ४५०० दिसतील, आणि चालवणारा घाबरून थ्रॉटल कमी करेल. सिलेक्टर जागेवर असूनही आकडा उड्या मारत असेल तर आतले कॉन्टॅक्ट काळे पडलेले असतात. सप्लाय बंद करून सिलेक्टर या टोकापासून त्या टोकापर्यंत बऱ्याच वेळा फिरवा आणि मूळ जागी आणा. पुष्कळदा काम तिथेच संपतं, फुकटात.

एवढं करून दोष मीटरमध्येच निघाला तर मग उद्यमबाग.

टेबलावर तीन गोष्टी आहेत: ८ ते १६ व्होल्ट फिरवता येणारा पॉवर सप्लाय, रेझिस्टन्स बॉक्स (सेन्सरऐवजी हवे तेवढे ओहम देणारा) आणि पल्स जनरेटर. मीटर तुमच्यासमोर लावून दाखवतात, हे महत्त्वाचं. ६ पल्सवर ठेवलेल्या मीटरला ३०० हर्ट्झ दिले की ३००० आरपीएम दिसायला हवेत, १०० हर्ट्झला १०००. हिशोब सोपा आहे, मिनिटाला ३००० म्हणजे सेकंदाला ५० फेऱ्या, गुणिले ६. दुरुस्तीनंतर मीटर परत घेताना हेच समोर लावून मागा. नुसता 'चालू झाला बघा' यावर विश्वास ठेवून निघू नका.

डिस्प्लेच्या बिघाडांचं निदान मात्र इथे नजरेनेच होतं आणि ते शिकून घेण्यासारखं आहे. आकड्यांचे काही तुकडेच दिसत नाहीत, ८ चा ३ दिसतो, आणि काचेच्या कडेवर हलकं दाबलं की परत येतात: काच आणि सर्किट बोर्ड यांच्यातला जोड ढिला. पूर्ण काच जांभळी, तपकिरी किंवा काळी, पण एका कोनातून आकडे पुसट दिसतात: पोलरायझर फिल्म (काचेवरची, प्रकाश गाळणारी) जळाली. कोपऱ्यातून शाई सांडल्यासारखा काळा डाग पसरतोय: काच तडकली, आतलं द्रव बाहेर आलं, दुरुस्ती नाही. टॉर्च मारला की आकडे दिसतात, एरवी अंधार: बॅकलाइट गेला. ऊन लागलं की काळा आणि सावलीत ठीक: एलसीडी तापतेय, एप्रिल-मेमध्ये अथणीकडे हे होणारच, मीटरवर टोपण घाला.

पोलरायझर बदलणं ही या गाळ्याची खरी खासियत. बोटीचा मीटर आयुष्यभर उन्हात, त्यामुळे समोरची फिल्म आधी जळते. मागची सहसा शाबूत असते. तपासायची युक्ती: पोलराइज्ड गॉगल किंवा फिल्मचा तुकडा काचेसमोर धरून फिरवा. आकडे स्पष्ट उठले तर काच जिवंत आहे, नुसती फिल्म बदलून भागेल.

उघडताना समोरच्या काचेभोवतीची स्टीलची कडी मागच्या बाजूने वळवलेली असते. ती एका जागी जोर लावून उचकटली तर वाकते आणि परत कधीच नीट बसत नाही. इथे बोथट पात्याने सगळीकडून थोडी-थोडी, तीन-चार फेऱ्यांमध्ये उलगडतात. प्लॅस्टिकची चिकटवलेली कडी असेल तर हीट गनने साधारण ६०-७० अंशांपर्यंत गरम करून सैल करतात; त्याहून जास्त तापवलं तर समोरची ॲक्रिलिक काच वाकडी होते. मग फिल्मचा एक कोपरा ब्लेडने उचलून, अगदी कमी कोनात, सावकाश सोलायची. जुनी फिल्म निघताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, फिल्ममधलं सेल्युलोज ॲसिटेट कुजल्याचा तो वास. आणि फिल्म निघाली की काच एकदम कोरी! एकही आकडा नाही. मालक समोर बसला असेल तर त्याचा चेहरा उतरतो. पण एलसीडी पोलरायझरशिवाय दिसतच नाही, आकडे तिथेच असतात.

राहिलेला गोंद ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवून, प्लॅस्टिकच्या पट्टीने काढतात. थिनर किंवा ॲसिटोन वापरलं तर लवकर निघतं, पण काचेच्या कडेचं सील आणि खालची रिबन (चपटी लवचीक जोडपट्टी) त्याने खराब होते. थेंब कडेला गेला की सहा महिन्यांनी डाग दिसायला लागतो. इथे ते वापरत नाहीत, ही जमेची बाजू. नवीन फिल्म आधी नुसती धरून, मीटर चालू ठेवून फिरवतात. एका कोनात उजळ पार्श्वभूमीवर काळे आकडे, तिथून ९० अंशांवर काळ्यावर उजळ. काही जण मुद्दाम उलटा डिस्प्ले करून मागतात, दिसायला झकास, पण भर दुपारच्या उन्हात वाचता येत नाही. बोटीसाठी काळे आकडेच ठेवा. बऱ्याच एलसीडींना फिल्म ४५ अंशांत लागते. बाजारात मिळणाऱ्या शीटचा अक्ष कडेला समांतर असेल तर तुकडा तिरका कापावा लागतो आणि शीट वाया जातं. बिलात फिल्मचे पैसे थोडे जास्त दिसतात ते त्यामुळे. तरी फिल्म काही शे रुपयांचाच माल आहे, मजुरी हाच खरा खर्च, आणि तो नव्या मीटरच्या किमतीपुढे किरकोळ.

मागची फिल्म बदलावी लागली तर विचारून घ्या. ती साधी नसते, तिच्यावर चंदेरी परावर्तक थर असतो. साधी फिल्म लावली तर दिवसा आकडे फिके पडतात. साठ्यात योग्य फिल्म नसेल तर 'चालेल की' म्हणून साधी लावून द्यायची सवय इथे आहे. आपण ठामपणे नको म्हणायचं.

तुकड्या-तुकड्याने गायब आकड्यांचं काम सोपं आणि भरवशाचं. काच आणि बोर्ड यांच्यामध्ये झेब्रा रबर असतं, काळे-पांढरे पापुद्रे एकाआड एक, त्यातले काळे वीज नेतात. ते काढून, दोन्ही बाजू अल्कोहोलने पुसून, बोटांचा तेलकटपणा न लावता परत बसवायचं. रबर दबून चपटं झालं असेल तर त्याच उंचीचं नवीन. स्क्रू समोरासमोरचे, थोडे-थोडे करत आवळायचे. जास्त आवळलं तर बोर्ड वाकतो आणि मधले आकडे जातात. झेब्राच्या जागी चिकटवलेली रिबन असेल तर गोष्ट वेगळी. सोल्डरिंगच्या टोकाला सिलिकॉनची पट्टी लावून रिबन परत दाबतात, आकडे येतातही, पण बोटीच्या थरथरीत हे काम टिकेल याची खात्री नाही. इथले कारागीर हे स्वतःहून सांगतात आणि रिबनवाल्या कामाला गॅरंटी देत नाहीत. प्रामाणिकपणा आवडला.

बॅकलाइटचं काम किरकोळ. जुना बल्ब काढून एलईडी टाकतात. तीन पांढरे एलईडी एका ओळीत आणि २२० ओहमचा रेझिस्टर, इंजिन चालू असतानाच्या १३.८ व्होल्टला जवळपास २० मिलिॲम्पिअर. रात्री हा उजेड डोळ्यांवर येतो. मंद करायची सोय नसेल तर ४७० ओहम टाकायला सांगा.

बॅटरी उलटी जोडल्याने मेलेले मीटर पावसाळ्याच्या तोंडावर बरेच येतात, कारण बोटी वर्षभर शेडमध्ये आणि पूर आला की घाईघाईत बॅटरी जोडायची. लक्षण: फ्यूज बदलला की लगेच उडतो. सप्लायच्या तोंडाशी संरक्षणासाठी बसवलेला डायोड शॉर्ट होऊन मीटरसाठी प्राण देतो. तो बदलला की बहुतेक मीटर उठतात. फ्यूजच्या जागी तार बांधलेली असेल तर मात्र बोर्डावरचा ट्रॅकच जळलेला असतो.

आता तक्रारीचा भाग. सीलिंग.

दुरुस्ती इतकी काळजीपूर्वक करणाऱ्या माणसांनी मीटर बंद करताना साधं बाथरूमचं सिलिकॉन लावावं, हे पटत नाही. ज्या सिलिकॉनला वाळताना आंबट वास येतो त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं. बंद डब्यात ते तांब्यावर बसतं आणि काही महिन्यांत ट्रॅक हिरवे होतात. ट्यूबवर 'न्यूट्रल क्युअर' लिहिलेलं सिलिकॉन घ्यायचं, ते हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतं. सांगितलं की लावतात, तेव्हा स्वतःच ट्यूब घेऊन जा. तसंच फेविक्विकसारखा झटपट चिकटणारा डिंक आत कुठेही नको. त्याची वाफ काचेच्या आतल्या बाजूला पांढरी पुटं धरते.

दुसरं, जुलैमध्ये बेळगावची हवा इतकी ओली असते की त्या हवेत बंद केलेला मीटर ओलावा आत घेऊनच बंद होतो. पुढे पाण्यावरच्या गार वाऱ्यात काचेवर आतून धुकं. तेव्हा बंद करण्यापूर्वी मीटर आणि झाकण दोन-तीन तास ५० अंशांवर ठेवून, गरम असतानाच, आत सिलिका जेलची छोटी पुडी टाकून बंद करायला सांगा. मूळ मीटरला मागे श्वास घ्यायचं छोटं भोक असेल तर ते बुजवायचं नाही. आतली गरम हवा बाहेर पडायला आणि गार होताना परत यायला वाट लागते, नाहीतर ती सीलमधून पाणी ओढते. तपासणी सोपी: मीटर अर्धा तास चालू ठेवा, मग समोरच्या काचेवर बर्फाचं पाणी टाका. आतून धुकं आलं नाही तर काम चोख. शक्य असेल तर हे काम पावसाळ्यात काढूच नका, फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकून घ्या.

पाणी शिरलेल्या मीटरांवर तिथे उपचार बरे होतात, पण पोहोचेपर्यंत आपण काय केलं यावर सगळं आहे. कारवारच्या खाऱ्या पाण्यात बुडालेला मीटर वाळवून पाठवणं म्हणजे गंज पॅक करून पाठवणं. उघडता येत असेल तर आधी स्वच्छ गोड्या पाण्याने, जमलं तर डिस्टिल्ड वॉटरने धुवा, मग अल्कोहोल, मग वाळवण. कृष्णेच्या पुराच्या पाण्यात मीठ नसतं, पण गाळ असतो आणि तो सिलेक्टरच्या आणि सॉकेटच्या आत जाऊन बसतो. सॉकेटवर डिझेल मारायची बंदरातली सवय सोडाच, रबर फुगतं आणि पुढच्या वेळी पाणी अडवत नाही. सॉकेटला डायलेक्ट्रिक (वीज न वाहू देणारं) ग्रीस, आणि नवीन वायर टाकायची असेल तर कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची. गाडीच्या दुकानातली साधी वायर खाऱ्या हवेत आतून काळी पडत जाते. जोडाला सोल्डरचा डाग मारून वर इन्सुलेशन टेप, हेही नको. दाबायचं लग आणि आतून गोंद असलेली, तापवली की आवळणारी हीट श्रिंक स्लीव्ह.

इंजिन किती तास चालवलं याचा आकडा बऱ्याच डिजिटल मीटरांत आठ पायांच्या एका छोट्या मेमरी चिपमध्ये असतो. बोर्ड बदलायची वेळ आली तर ती चिप काढून नव्या बोर्डावर बसवता येते, बोर्ड त्याच मॉडेलचा असेल तर. इथे हे काम करतात, पण स्वतःहून विचारत नाहीत. सर्व्हिसिंगचा हिशोब तासांवर चालतो, तेव्हा मीटर देताना तास कागदावर लिहून ठेवा आणि चालू डिस्प्लेचा मोबाइलने फोटो घ्या. आकडा कमी करून देण्याची मागणी करणारी गिऱ्हाइकंही येतात असं ऐकायला मिळतं. जुनी बोट विकत घेताना नुसत्या मीटरवर भिस्त ठेवू नका.

दुरुस्ती की नवा मीटर? ऑनलाइन मिळणारे ८५ मिलिमीटरचे 'सहा कामं एकात' मीटर मोहात पाडतात: आरपीएम, टेम्परेचर, ऑइल प्रेशर, इंधन, व्होल्ट, तास, सगळं एका डब्यात. घेण्याआधी चार गोष्टी बघा. डॅशबोर्डचं भोक मोजा. फ्लोटची जात सेटिंगमध्ये निवडता येते का ते बघा. आरपीएमचा पल्स बारीक ॲडजस्ट होतो का, कारण डिझेलमध्ये अल्टरनेटरची पुली आणि क्रँकची पुली यांचं प्रमाण प्रत्येक इंजिनात वेगळं. आणि टेम्परेचरचा सेन्सर सोबत येतो का, त्याचे आटे तुमच्या इंजिनात बसतात का. अडाप्टर टाकून सेन्सर वर उचलला गेला तर त्याचं टोक पाण्यात पोहोचत नाही आणि इंजिन तापलं तरी मीटर शांत. बसवल्यावर क्रँकच्या पुलीवर चमकती पट्टी चिकटवून लेझर टॅकोने आकडा जुळवा. पट्टा ढिला असताना जुळवू नका, घसरत्या पट्ट्याला मीटर कमी दाखवतो.

सहा कामं एकात असण्याचा तोटाही तेवढाच मोठा आहे: एक डिस्प्ले गेला की सहाही गेली. पुराच्या पाण्यात माणसं आणायला निघणाऱ्या बोटीला हे परवडत नाही. तिथे जुना मीटर दुरुस्त करून ठेवावा आणि शेजारी ऑइल प्रेशर आणि टेम्परेचरचा स्वतंत्र बझर, स्वतःच्या स्विच-सेन्सरवर, वेगळ्या फ्यूजवर लावावा. ओबीएमला तर मागून निघणारी पाण्याची धार हाच पहिला मीटर. ती बारीक झाली की डिस्प्ले काहीही दाखवो, इंजिन बंद.

उद्यमबागेत प्रत्यक्ष जायला जमत नसेल तर बसच्या पार्सलने, नम्म कार्गोने, मीटर पाठवता येतो. काच खाली करून, फोममध्ये, दुहेरी खोक्यात. सॉकेटची वायर वीतभर ठेवूनच कापा, बुडापासून कापली तर टेबलावर जोडायला काहीच उरत नाही. सोबत चिठ्ठी हवीच: इंजिन कुठलं, व्होल्ट १२ की २४, पोल किती, सेन्सर कुठल्या जातीचे, बिघाड गरम असताना की थंड असताना, पाण्यात बुडाला होता का आणि कुठल्या पाण्यात. २४ व्होल्टची बोट असून चिठ्ठीत लिहिलं नाही तर ते १२ समजून एलईडीचा रेझिस्टर टाकतात, आणि मीटर घरी आल्यावर पहिल्याच रात्री बॅकलाइट जळतो. बिलावर बदललेले पार्ट लिहून मागा. न मागता लिहीत नाहीत.